दारातून घातलेली आंघोळ

माझ्या सासूबाई गावातल्या तान्ह्या बाळांना आंघोळ घालायच्या. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं आणि त्याबद्दल त्या काही घेतही नसत. फार तर एखाद्या घरून बारशाच्या घुगऱ्या जरा जास्त यायच्या. बाळंतीण घरी आली की त्या घरातलं कुणीतरी आमच्या ओटीवर येऊन उभं राहायचं, आणि आई (मी त्यांना आईच म्हणायची) हातातलं काम तिथेच टाकून, पदर खोचून निघायच्या. पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यांपर्यंत वर घ्यायचं, दोन्ही पाय पुढे सरळ लांब करायचे आणि त्या जुळवलेल्या नडग्यांवर बाळ पालथं घालायचं. मग खोबरेल, मग डाळीचं पीठ आणि हळद, मग ऊन ऊन पाणी. गावातली निम्मी माणसं त्यांच्या पायांवरून उठून मोठी झाली होती. मिशा फुटलेला एखादा बाप्या तावातावाने भांडायला आला की त्या शांतपणे म्हणायच्या, की तुझी पाठ मी चोळलेली आहे, जरा हळू बोल.

मी पालघरची. वडील कचेरीत कारकून, आई मी शाळेत असतानाच गेलेली. मला बघायला ही मंडळी आली तेव्हा मी चहाचा ट्रे धरून उभी होते आणि सगळे आपापल्या परीने प्रश्न विचारत होते, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. सासूबाई गप्प बसून माझ्याकडे बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "हिची आई नाय ना? मंग बाळंतपन मी करीन." अजून लग्न ठरायचं होतं. माझ्या वडिलांना ठसका लागला आणि मामींनी तोंडाला पदर लावला. मी मात्र त्याच क्षणी मनातल्या मनात होकार देऊन टाकला. नवरा कसा आहे हे नंतर बघू म्हटलं. तोही चांगलाच निघाला, पण तो या गोष्टीत फारसा नाही.

आमचं गाव घिवलीच्या जरा अलीकडे, समुद्राला धरून. नारळ, केळी, मोगऱ्याचे दोन वाफे, एक म्हैस. किनाऱ्यावर उभं राहिलं की अणुवीज केंद्राची उंच चिमणी दिसायची. केंद्र उभं राहत होतं तेव्हा गावातले काही जण तिथे कामाला लागले, त्यांत माझे सासरे. आधी पाट्या उचलायला, मग हळूहळू आत, नळ आणि झडपांवर. छातीवर लावायचा बिल्ला असायचा, किती किरणं लागली ते त्यावरून कळायचं. बिल्ला तिथेच ठेवून यावं लागे, पण तिथलं शिक्षण मात्र ते घरी घेऊन यायचे. मितभाषी माणूस. गावच्या भांडणांत कधी पडला नाही, बायकोपुढे तर तोंडच उघडत नसे. फक्त एका विषयावर ते न थांबता बोलायचे: टाइम, डिस्टन्स, शिल्डिंग. किरणांजवळ थोडाच वेळ राहायचं, लांब राहायचं, मध्ये आडोसा ठेवायचा. हे तीन शब्द आमच्या घरात शुभंकरोतीसारखे म्हटले जात. आई भाकरी थापता थापता ते ऐकत असायच्या. माणूस किती लक्ष देऊन ऐकतो हे आपल्याला फार उशिरा कळतं.

मला दिवस गेले ते लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. आई हरखल्या होत्या. जुनी लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली, बाळंतशेपा निवडून डब्यात भरल्या, टाळूवर घालायचं तेल वेगळं काढून ठेवलं. आणि त्याच दिवसांत मला दिसायला लागलं की त्या उजाडायच्या आत विहिरीवर जातात आणि काहीतरी धुऊन केळींच्या आड वाळत घालतात. त्यांची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी एकदा केळींत जाऊन बघितलं आणि मग सरळ विचारलं. "वयाचं असतं ते," म्हणाल्या, "तू खाली वाकू नको." मी ऐकणाऱ्यांतली नाही. यांच्या कानावर घातलं, आणि मीच त्यांना बोईसरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मला तपासायचं आहे म्हणून नेलं आणि आत गेल्यावर खुर्चीवर त्यांना बसवलं. डॉक्टरीणबाई हात धुऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच मी ओळखलं. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती. मुंबईला जावं लागणार होतं.

गावात लगेच केंद्राकडे बोटं दाखवणं सुरू झालं. मुंबईच्या डॉक्टरांना यांनी तेही विचारलं. त्यांनी सांगितलं की हा आजार केंद्र नसलेल्या गावांतल्या बायकांनाही ढिगाने होतो. बायका दाखवायला येत नाहीत, अंगावर काढतात आणि लाजेपायी तो वाढतो. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती, पण शेक देऊन आटोक्यात येईल, असं म्हणाले. शेक म्हणजे किरणं. हे ऐकून सासरे खुर्चीवरून उठून उभे राहिले, असं यांनी मला सांगितलं. आयुष्यभर ज्याच्यापासून लांब राहायला शिकले, त्याच्याच समोर बायकोला झोपवायचं होतं.

दादरला लांबच्या नात्यातल्या एका घरी ते दोघं राहिले. रोज शेक, रविवारी सुट्टी. आईंना तो सोसवला नाही. पोट चालायचं, अन्नावरची वासना गेली, ओटीपोटाची कातडी काळवंडली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता थोडा वेळ आतूनही शेक द्यायचा आहे; गाठीच्या जागी सोर्स, म्हणजे किरणं सोडणारी बारीकशी नळी, ठेवायचा, दुसऱ्या दिवशी काढून घ्यायचा. त्या दिवशी मी भेटायला गेले. पोट दिसायला लागलं होतं. खोलीच्या दाराशी आया आडवी आली. दारावर पिवळी पाटी होती, तिच्यावर तीन पात्यांची खूण. ती खूण मी केंद्राच्या पोस्टरवर आमच्या ग्रामपंचायतीत बघितली होती. गरोदर बाईला आत सोडत नाहीत, आया म्हणाली. दाराच्या फटीतून मला पलंग दिसला, पलंगाशेजारी शिशाचा जाड पडदा आणि त्या पडद्याच्या आडून आईंशी बोलणारी नर्स. आईंनी मला बघितलं. त्यांना हलायची मनाई होती. त्यांनी फक्त हात उचलला आणि जा, जा, अशी खूण केली. मी जिन्यात बसून रडले आणि मग चिडून घरी आले. कुणावर चिडले ते सांगता येणार नाही.

आई घरी आल्या तेव्हा हाडं आणि डोळे एवढंच उरलं होतं, पण चालत आल्या. मागच्या पडवीला लागून एक कोंदट खोली होती, नारळ ठेवायची. तिथे त्यांनी आपली खाट टाकायला लावली. सासऱ्यांना ओटीवर झोपायला सांगितलं. आम्हाला वाटलं, पोटाच्या त्रासामुळे रात्री उठावं लागतं, कुणाची झोपमोड नको म्हणून करत असतील.

मुलगी बोईसरला झाली. तिला घेऊन मी रिक्षातून उतरले तेव्हा आई दारात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. तुकडा ओवाळून टाकायचा आणि मग घरातल्या मोठ्या बाईने बाळ आपल्या हातात घेऊन उंबरठा ओलांडायचा, ही आमच्याकडची रीत. मी बाळ पुढे केलं. आईंनी लांबूनच बाळाकडे बघितलं, चांगलं डोळे भरून बघितलं, आणि तुकडा शेजारच्या काकींच्या हातात दिला. "तू ओवाळ," म्हणाल्या आणि मागे सरकल्या. बाळाला घेऊन काकी आत गेल्या, मी त्यांच्या मागून.

पहिल्या आंघोळीला त्या येतील असं मला वाटत होतं. आल्या नाहीत. काही दिवस काकींनी आंघोळ घातली, मग त्यांच्या लेकीचं बाळंतपण निघालं आणि त्या वाणगावला गेल्या. राहिले मी. बापाच्या हाताखाली वाढलेली, आयुष्यात तान्हं मूल कधी हातात न धरलेली. मागच्या पडवीतल्या मोरीत मी पाटावर बसले, पाय लांब केले आणि बाळ पायांवर घातलं, तर ते साबणाच्या वडीसारखं घसरायला लागलं. तेवढ्यात मागून आवाज आला. आई माजघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या, माझ्यापासून चांगल्या लांब. "मान धर," त्या म्हणाल्या. "पाय जुळव. पानी मागनं सोड, डोळ्यात नको. कान झाक."

मग ते रोजचंच झालं. मी पाटावर, त्या दारात. त्यांच्या आवाजाने माझे हात चालायचे. "काखेत चोळ. गुडघ्याच्या मागं बघ, घामोळं आलंय." लांबून त्यांना जे दिसायचं ते मला मांडीवर असून दिसत नसे. पहिला दात त्यांनीच दारातून ओळखला. बाळ किती रडतंय, भुकेने रडतंय की पोट दुखून, हे त्या पडवीतून ओरडून सांगायच्या. पण हात म्हणून लावत नव्हत्या. बाळ झोपलं असलं आणि मी विहिरीवर गेले असले तरी त्या पाळण्याजवळ जात नसत. पाळण्याला लांब दोरी बांधून घेतली होती, ती पडवीतून ओढायच्या.

गावाला विषय मिळाला. नातू हवा होता, नात झाली, म्हणून म्हातारी शिवत नाही. हे मला पाणवठ्यावर ऐकवलं जायचं, तेही माझी दया येऊन. मी काही दिवस ते खरं धरलं आणि आतल्या आत जळत राहिले. जिने लग्नाआधी मला शब्द दिला होता, तीच आता माझ्या पोरीला परकं करते. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझं ठरवणं म्हणजे उन्हातलं लोणी. एके सकाळी बाळाच्या डोळ्यांत पीठ गेलं. ती किंचाळली, माझ्या हातून घसरली. आई दारातून ताडकन उठल्या, दोन पावलं पुढे आल्या आणि तिथेच थांबल्या. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले, चोरी पकडल्यासारखे. मी बाळाला सावरलं आणि मग माझा तोल गेला. मी म्हटलं, मुलगी झाली म्हणून एवढा राग असेल तर तोंडाने सांगा, मी तिला घेऊन पालघरला जाते.

मुलगी-मुलगा हे आईंच्या डोक्यातच नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. परत उंबऱ्यापर्यंत मागे गेल्या, बसल्या आणि मग बोलल्या.

"माझ्यात ते हाय गो अजून. सोर्स. ती नर्स पन शिशाच्या आडून बोलायची माझ्याशी. तुला दारातनं परत पाठवली, आठवतं ना? तवा ही तुझ्या पोटात व्हती. तिला तवा लांब ठिवली, आता कशी जवळ घेऊ?"

मी म्हटलं, आई, तो काढून घेतला. दुसऱ्याच दिवशी काढला.

"खाराची बरनी रिकामी केली, धुतली, तरी वास राहतो ना? मंग."

म्हणून ती कोंदट खोली, म्हणून सासऱ्यांची ओटीवर रवानगी, म्हणून लांब दोरी. टाइम, डिस्टन्स, शिल्डिंग. बाई इतके दिवस नवऱ्याचे धडे पाळत होती आणि आम्हा कुणालाच ते ओळखता आलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी असं काही आलं की मी बाळाला घट्ट धरून तिथेच ओल्या लुगड्याने बसून राहिले. आईंना माझी मुलगी नकोशी नव्हती. त्यांना ती इतकी हवी होती.

समजावून बघितलं. यांनी मुंबईच्या डॉक्टरांचं सांगितलं. ते पहिल्यापासून म्हणत होते की घरी सगळं नेहमीसारखं करा. आई म्हणाल्या की डॉक्टर चांगला माणूस आहे, चांगली माणसं असंच बोलतात. सोर्स काढल्यावर तपासलं असेलही, पण तेव्हा त्या गुंगीत होत्या, त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांचा विश्वास एकाच माणसावर होता, आणि तो माणूस भिंतीला टेकून गप्प बसला होता. मी सासऱ्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही सांगा ना. ते म्हणाले की मी झडपा उघडतो आणि बंद करतो, माणसाच्या अंगातलं मला काय ठाऊक. मग केंद्रात कुणा साहेबाला विचारा, म्हटलं. त्यावर त्यांनी मान खाली घातली. आजार छातीचा असता, पोटाचा असता, तर त्यांनी विचारलं असतं. त्या जागेचा आजार आहे हे चार पुरुषांत कसं बोलायचं? कामावर त्यांनी बायकोला पोटाचा विकार आहे असं सांगून रजा घेतली होती. त्या शब्दापाशी येऊन ते अडत होते आणि तिकडे दिवस जात होते. मुलगी पालथी पडायला लागली, मग बसायला लागली.

केंद्राची एक जीप अधूनमधून आमच्या गावांतून फिरायची. माती, गवत, मासळी, दूध असं थोडं थोडं घेऊन जायची, तपासायला. आमच्या म्हशीचं दूधही न्यायचे. येणारे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, चष्मा लावणारे, घाटावरचे असावेत. बाटली भरून घ्यायचे, म्हशीची चौकशी करायचे आणि जायचे. त्या दिवशी सासऱ्यांना सुट्टी होती की काय, ते घरीच होते. ते त्यांच्यासमोर कधी येत नसत. साहेब लोकांसमोर उगाच कशाला, असा त्यांचा स्वभाव. मी दूध ओतत होते आणि बघते तर सासरे ओटीवरून उतरून अंगणात येऊन उभे. डोक्यावरची टोपी हातात.

"साहेब, एक विचारायचं व्हतं. कामातलं नाय." एवढं बोलून थांबले. मला वाटलं, आता परत फिरतील. पण बोलले, आणि आवाज न उतरवता बोलले. "माझ्या बायकोला कॅन्सर झालता. गर्भाशयाचा. मुंबईला तिच्या अंगात सोर्स ठेवलेला. काढला. पन ती म्हन्ते, अजून हाय. नातीला हात लावत नाय."

कुंपणापलीकडे कुणी ना कुणी असणारच होतं, आमच्या गावात असतंच. ते सासऱ्यांनाही माहीत होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मला त्या माणसाबद्दल जे वाटलं नव्हतं ते त्या एका मिनिटात वाटलं.

ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि काकू कुठे आहेत विचारलं. आई दारात येऊन उभ्याच होत्या. त्यांनी आईंना सांगितलं की दिवा बाहेर नेला की खोलीत उजेड उरत नाही, तसंच आहे हे. आईंनी बरणीचं सांगितलं. त्यांनी पुन्हा दिव्याचं सांगितलं. आई पुन्हा बरणीवर. शेवटी ते जीपकडे गेले आणि एक पेटी घेऊन आले, वर मूठ असलेली, पुढे काटा. आत किरणं मोजायचं यंत्र होतं. जमिनीवर धरलं तर टक्, मग जरा थांबून टक् टक्, असा आवाज येत होता. एवढं सगळीकडेच असतं, ते म्हणाले. तुळशीवर धरलं, तेवढंच. म्हशीवर धरलं, तेवढंच. मग आईंसमोर धरलं. आईंनी डोळे मिटून घेतले होते. टक्. टक् टक्. म्हशीइतकंच.

आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला, पण आई कसल्या ऐकतात. यंत्र बिघडलेलं नसेल कशावरून, असं त्यांनी विचारलं. सासऱ्यांना घाम फुटला. ते गृहस्थ मात्र खुश झाले. अगदी बरोबर प्रश्न आहे, म्हणाले. घरात गॅसची बत्ती आहे का? होती. वीजकेंद्राच्या उशाला राहून आमच्याकडे वीज जायची, तेव्हा ती लागायची. तिचं नवं मेंटल आहे का, म्हणजे ती पांढरी जाळी? मी फडताळातून पुडी काढून दिली. त्यांनी यंत्र पुडीजवळ नेलं आणि ते चुलीत मीठ टाकल्यासारखं तडतडायला लागलं. त्या जाळीच्या मसाल्यातच तसलं काहीतरी असतं, एवढ्याने कुणाला काही होत नाही, पण यंत्र चालू आहे हे तुम्हाला कळावं म्हणून, असं ते म्हणाले. आईंनी त्यांना पुन्हा एकदा पुडीवर धरायला लावलं, मग स्वतःवर, मग पुन्हा पुडीवर.

"म्हंजे माझ्यापरीस बत्ती जास्त," आई म्हणाल्या.

त्यानंतर ती पुडी आमच्या घरात आली नाही. बत्तीसकट ती वाडीतल्या खोपटात गेली ती कायमची, आणि आईंची खाट माजघरात परत आली. वीज गेली की आम्ही कंदील लावायचो. कितीही सांगितलं तरी या बाबतीत आईंनी ऐकलं नाही.

पुढे त्या बरीच वर्षं जगल्या. सुखाने जगल्या असं म्हटलं तर ते खोटं होईल. शेकाने आतडी नाजूक झाली होती, तिखट बंद झालं, बोंबलाचं कालवण समोर असताना त्या मऊ भात खायच्या आणि आमच्या ताटांकडे बघून हसायच्या. लघवीची जळजळ गेली नाही. एक पाय सुजायचा. मुंबईला तपासणीला जायचं आलं की आठवडाभर आधीपासून त्या कुणाशी बोलत नसत, आणि काही निघालं नाही की येताना पालघरला उतरून माझ्या वडिलांकडे चहा घ्यायच्या. बाळांना आंघोळ घालणं पुन्हा सुरू झालं, पण आता त्यात एक भर पडली. बाळाला धुरी देऊन झाली की त्या घरातल्या बायकांना मोरीपाशी बसवायच्या, बाळंतीण, तिची सासू, जाऊ, जी असेल ती, आणि विचारायच्या की अंगावरून जातं का, लाल का पांढरं, किती दिवस. पुरुष तिथे फिरकत नसत, त्यामुळे बायका सांगायच्या. त्यातल्या काही जणींना घेऊन मी बोईसरला डॉक्टरीणबाईंकडे गेले आहे. एकदा कुंभवलीच्या एका बाईचा आजार खूप लवकर सापडला आणि ऑपरेशनवर निभावलं. आईंनी त्याचा गवगवा केला नाही, फक्त त्या दिवशी बोंबलाचा एक तुकडा खाल्ला आणि रात्रभर पोट धरून बसल्या.

पण मला जे सांगायचं आहे ते त्या जीपच्या दिवसाचं. जीप गेली. मुलीची सकाळची आंघोळ झालेली होती, ती आईंनी जमेला धरली नाही. चूल पेटवून पाणी तापवायला लावलं. पाट मांडला, लुगडं वर घेतलं, पाय लांब केले. त्या पायांना मी इतक्या दिवसांनी पाहत होते, शेकानंतर ते काठ्यांसारखे झाले होते. मी मुलीला त्यांच्यावर ठेवलं. सात महिन्यांची झाली होती, नडग्यांवर मावत नव्हती, तंगड्या बाहेर लोंबत होत्या. आणि आईंचा हात पाठीवर पडताच तिने भोकाड पसरलं. तिला ते हात ओळखीचे नव्हते. गावातल्या निम्म्या माणसांना ओळखीचे होते, आमच्या पोरीला नव्हते. मान वर करून, हात पसरून ती माझ्याकडे झेपावत होती. मी पुढे झाले. आईंनी डोळ्यांनीच मला अडवलं, म्हणून मी मागे सरून माजघराच्या दारात, त्यांच्या रोजच्या जागी जाऊन उभी राहिले. तेल ओघळत होतं. सगळ्या गावाची बाळं सांभाळलेली बाई, काय करावं ते तिला सुचत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

मग सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, माझ्यासाठी नाही, स्वतःच्याच हातांना सांगितल्यासारखं. "मान धर," त्या म्हणाल्या. "पाय जुळव. पानी मागनं सोड. डोळ्यात नको."

मुलगी रडायची थांबली. तिने मान वळवून माझ्याकडे, दाराकडे बघितलं. रोज आंघोळीच्या वेळी हा आवाज तिथूनच यायचा. मी गप्प उभी होते. तिने दाराकडे नीट बघितलं, कपाळाला आठी घातली, आणि मग हळूहळू मान फिरवून वर, आईंच्या तोंडाकडे बघितलं.

"कान झाक," आई तिला म्हणाल्या.

तिने तेलकट हात उचलून त्यांच्या ओठांवर ठेवला. आईंनी तो तिथेच राहू दिला, दुसऱ्या हाताने तांब्या घेतला आणि पाणी मागून सोडलं.